बबल कॉलम म्हणजे काय? बुडबुड्यांच्या खळबळीवर कारखाना कसा चालतो

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरहून रेल्वेने किनवटकडे निघालं की पुढे सहस्रकुंड नावाचं स्थानक लागतं. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा याच भागात, नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या हद्दीवर आहे. पावसाळ्यात तिथे उभं राहिलं की खालच्या डोहातलं पाणी दुधासारखं पांढरं दिसतं. खरं तर पाण्याचा रंग बदललेला नसतो. पडणारं पाणी आपल्यासोबत हवा खाली ओढून नेतं, त्या हवेचे लाखो बुडबुडे होतात आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरला की पाणी पांढरं दिसतं.

डोहात पाणी हवा आत ओढतं. याच्या बरोबर उलट करायचं, म्हणजे तळातून हवा सोडून तिच्याकडून पाणी हलवून घ्यायचं, तर जे यंत्र तयार होतं त्याला ‘बबल कॉलम’ म्हणतात. साखर कारखान्यापासून सांडपाणी प्रकल्पापर्यंत आणि औषधांपासून कृत्रिम डिझेलपर्यंत अनेक ठिकाणी ही कल्पना वापरली जाते. यंत्र दिसायला अगदी साधं आहे, पण त्याच्या आतलं पाणी नेमकं कसं वाहतं हे समजायला अनेक दशकं लागली. त्या कामात मुंबईच्या माटुंग्यातल्या एका संस्थेचा वाटा मोठा आहे.

थोडक्यात

- बबल कॉलम म्हणजे द्रवाने भरलेली उभी टाकी. तिच्या तळातून वायूचे बुडबुडे सोडतात.
- तिच्यात फिरणारं पातं किंवा मोटर नसते. ढवळण्याचं काम बुडबुडेच करतात.
- द्रव सरासरीने मधून वर चढतो आणि कडेने खाली उतरतो. प्रत्यक्षात मात्र हा प्रवाह सतत खळबळलेला असतो.
- लहान नळीत मिळालेला निकाल मोठ्या टाकीत मिळेलच असं नाही. सगळी अडचण याच ठिकाणी आहे.

रचना कशी असते?

एक उंच, गोल टाकी असते. तिच्यात द्रव भरलेला असतो. तळाशी भोकं असलेली चकती किंवा नळ्यांचं जाळं बसवलेलं असतं, त्याला स्पार्जर म्हणतात. कॉम्प्रेसर किंवा ब्लोअर त्यातून वायू ढकलतो. वायूचे बुडबुडे होतात, ते द्रवातून वर जातात आणि माथ्यावरून बाहेर पडतात. वर जाताना वायूचा काही भाग द्रवात विरघळतो आणि तिथे हवी ती रासायनिक किंवा जैविक क्रिया घडते. काही वेळा द्रवात बारीक पावडरीच्या रूपात उत्प्रेरक, म्हणजे क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थही मिसळलेला असतो.

मत्स्यालयातला हवेचा दगड ही याचीच छोटी आवृत्ती आहे. १८५६ मध्ये हेन्री बेसेमर यांनी वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करण्याची पद्धत मांडली, तिथेही बुडबुड्यांकडूनच काम करून घेतलं होतं.

फायदे उघड आहेत. आत हलणारे भाग नाहीत, म्हणून झीज कमी आणि देखभालही कमी. फिरणारा दांडा बाहेरून आत येत नसल्याने तिथून गळती होण्याचा प्रश्न नाही. जास्त दाबाखाली किंवा विषारी, ज्वलनशील वायूंसोबत काम करताना ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

बुडबुडेच का? गुंठ्यांचा हिशेब

वायू द्रवात शिरतो तो दोघांच्या सीमेवरून. ही सीमा जितकी मोठी, तितकं काम जलद. बादलीभर पाणी उघड्यावर ठेवलं तर हवेशी त्याचा संपर्क फक्त वरच्या पृष्ठभागापुरता असतो. तीच हवा बुडबुड्यांच्या रूपात आत सोडली तर चित्र पूर्ण बदलतं.

१ घनमीटरची जागा धरू. तिच्यात २० टक्के वायू असून प्रत्येक बुडबुडा ५ मिलिमीटर व्यासाचा आहे असं मानलं, तर सगळ्या बुडबुड्यांचं मिळून पृष्ठफळ सुमारे २४० चौरस मीटर होतं. १ गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे एका लहान टाकीएवढ्या जागेत जवळपास अडीच गुंठे पृष्ठभाग मावतो. बुडबुड्यांचा व्यास निम्मा केला आणि वायूचं प्रमाण तेवढंच ठेवलं, तर हेच क्षेत्र पावणेपाच गुंठ्यांवर जातं.

टाकीत कोणत्याही क्षणी जितका भाग वायूने व्यापलेला असतो, त्याला अभियंते ‘गॅस होल्डअप’ म्हणतात. होल्डअप आणि बुडबुड्याचा आकार या दोन गोष्टी समजल्या की वायू आणि द्रव यांचा संपर्क किती आहे, याचा अंदाज बांधता येतो.

एकटा बुडबुडा सरळ का जात नाही?

साध्या पाण्यात काही मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला साधारण २० ते २५ सेंटिमीटर वेगाने वर चढतो. म्हणजे १ मीटर पाणी पार करायला त्याला चार-पाच सेकंद लागतात. वर जाताना त्याच्यावरचा दाब कमी होत असल्याने तो फुगतो. १० मीटर खोलीवरच्या बुडबुड्याचं आकारमान पृष्ठभागापर्यंत येताना साधारण दुप्पट होतं.

अगदी बारीक बुडबुडा सरळ रेषेत चढतो. थोडा मोठा बुडबुडा मात्र नागमोडी किंवा मळसूत्रासारखा फिरत जातो. लिओनार्दो दा विंची यांनी ही गोष्ट टिपून ठेवली होती. शुद्ध पाण्यात हा बदल नेमका कोणत्या आकाराला होतो, हे मिगेल एरादा आणि येन्स एगर्स या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये गणिताने दाखवलं. बुडबुड्याची त्रिज्या सुमारे ०.९३ मिलिमीटरच्या पुढे गेली की त्याची सरळ वाट अस्थिर होते. एका बुडबुड्याच्या वाटेचा हिशेब लागायलाच शतकं गेली. मग कोट्यवधी बुडबुडे एकमेकांना धक्के देत चढतात, त्या टाकीचं गणित किती अवघड असेल याची कल्पना यावरून येते.

हवा वाढवली की टाकीचा स्वभाव बदलतो

टाकीतली हवा मोजायची एक सोयीची पद्धत आहे. दर सेकंदाला जितकी हवा सोडली तिला टाकीच्या आडव्या क्षेत्रफळाने भागायचं. उत्तर वेगाच्या रूपात येतं. हवा आणि पाणी असलेल्या टाकीत हा वेग सेकंदाला साधारण ५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर बुडबुडे जवळपास सारख्या आकाराचे राहतात आणि टाकीभर एकसारखे पसरून शिस्तीत वर जातात. मात्र त्यासाठी स्पार्जर चांगला हवा.

हवा आणखी वाढवली की शिस्त मोडते. बुडबुडे एकमेकांना चिकटून मोठे होतात, मोठे बुडबुडे वेगाने वर धावतात आणि मागे भोवरे सोडतात. त्या भोवऱ्यांत सापडून काही बुडबुडे पुन्हा फुटतात. बहुतेक मोठे कारखाने याच दुसऱ्या अवस्थेत चालतात, कारण कमी जागेत जास्त वायू वापरायचा असतो.

बुडबुडे फुटतात की चिकटतात, हे पाण्यात काय विरघळलंय यावरही ठरतं. मीठ असलेल्या पाण्यात बुडबुडे सहज चिकटत नाहीत. समुद्राच्या लाटेवरचा बारीक फेस म्हणूनच बराच वेळ टिकतो. कारखान्यातही द्रवात थोडंसं अल्कोहोल, क्षार किंवा साबणासारखा पदार्थ आला तरी होल्डअप बदलतो. त्यामुळे नळाच्या पाण्यावर केलेली चाचणी प्रत्यक्षातल्या द्रवाला जशीच्या तशी लागू करता येत नाही.

मधून वर, कडेने खाली

पाण्यात मोठे, वेडेवाकडे बुडबुडे, म्हणजे साधारण ५-६ मिलिमीटरच्या वरचे, टाकीच्या मध्याकडे सरकतात. लहान बुडबुडे कडेकडे जातात. हवा जास्त असताना मोठे बुडबुडे वरचढ ठरतात आणि मध्यभागी वायूची गर्दी होते. वायू जास्त म्हणजे तिथलं मिश्रण हलकं. कडेचं मिश्रण त्यामानाने जड. हलकं वर जातं, जड खाली येतं आणि सगळा द्रव फिरू लागतो.

भाताचं पाणी उकळताना पातेल्यात हेच दिसतं. मधून उसळी येते आणि तांदळाचे दाणे कडेने खाली जातात.

उंच टाकीत वर जाणारा आणि खाली येणारा प्रवाह जिथे वेगळे होतात, ती सीमा मध्यापासून साधारण त्रिज्येच्या ०.७ पट अंतरावर असते. यामागचा हिशेब सोपा आहे. ०.७ चा वर्ग जवळपास ०.५ येतो. म्हणजे टाकीचा साधारण निम्मा आडवा भाग वर जाणाऱ्या द्रवाला मिळतो आणि निम्मा खाली येणाऱ्याला. टाकीत एकूण द्रव तेवढाच असेल, तर जितका वर जाईल तितकाच खाली आला पाहिजे.

खळबळ म्हणजे नेमकं काय?

वर सांगितलेला प्रवाह सरासरीचा आहे. टाकीत एका जागी काही मिनिटं वेग मोजून त्याची सरासरी काढली की असं नीटस चित्र मिळतं. एखाद्या क्षणी टाकीत डोकावलं तर ते दिसत नाही. बुडबुड्यांचा झोत सापासारखा डावी-उजवीकडे डोलतो, भोवरे बनतात, फुटतात आणि पुन्हा बनतात. कडेचं पाणी मध्येच काही क्षण वरही जातं.

याला शास्त्रात प्रक्षुब्ध प्रवाह म्हणतात. १८८३ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून दाखवलं की, पाणी हळू वाहतं तेव्हा धार सरळ राहते आणि वेग वाढला की ती विस्कटते. वेग, नळीची रुंदी आणि द्रवाचा चिकटपणा यांच्यावरून निघणारा एक आकडा हे ठरवतो. त्याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. नळीत हा आकडा साधारण २,००० च्या पुढे गेला की खळबळ सुरू होण्याची शक्यता असते. ३ मीटर रुंद टाकीत द्रव सेकंदाला १ मीटर वेगाने फिरत असेल, तर पाण्यासाठी तो ३० लाखांवर जातो.

प्रक्षुब्ध प्रवाहात ऊर्जा मोठ्या भोवऱ्यांकडून लहान भोवऱ्यांकडे उतरत जाते आणि अगदी बारीक भोवऱ्यांत तिची उष्णता होते. बबल कॉलममध्ये या साखळीत आणखी एक भर पडते. प्रत्येक बुडबुडा स्वतःच्या मागे छोटे भोवरे सोडत असतो. म्हणजे टाकीएवढे भोवरे आणि बुडबुड्याएवढे भोवरे एकाच वेळी काम करतात. नळीतल्या साध्या पाण्यासाठी बनवलेली सूत्रं इथे कमी पडतात ती यामुळे.

ही ऊर्जा किती असते, तेही काढता येतं. हवेचा वर सांगितलेला वेग सेकंदाला १० सेंटिमीटर असेल, तर बुडबुडे दर टन द्रवाला सुमारे १ किलोवॉट शक्ती देतात. एवढ्या शक्तीने १ टन पाणी १ अंशाने तापायला तासाहून जास्त वेळ लागेल. पण हीच शक्ती हालचालीच्या रूपात मिळाली की टनभर पाणी अक्षरशः खवळतं.

माटुंग्याने काय शोधलं?

मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये सुरू झाला. ‘यूडीसीटी’ या नावाने तो महाराष्ट्रभर ओळखला गेला. आज तीच संस्था ‘आयसीटी’ म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने अभिमत विद्यापीठ आहे.

१९६४ मध्ये प्रा. मनमोहन शर्मा तिथे प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांचं वय २७ होतं. केंब्रिजमध्ये पीटर डँकवर्ट्‌स यांच्याकडे त्यांनी वायू द्रवात कसा शोषला जातो यावर संशोधन केलं होतं. तोच विषय त्यांनी माटुंग्यात रुजवला. १९९० मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

त्यांचे विद्यार्थी ज्येष्ठराज जोशी यांचा जन्म १९४९ चा, सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या मसूरचा. १९७९ मध्ये जोशी आणि शर्मा यांनी बबल कॉलमसाठी ‘सर्क्युलेशन सेल’ म्हणजे फिरत्या कप्प्यांचं मॉडेल मांडलं. त्यामागची कल्पना अशी: उंच टाकी म्हणजे एकावर एक ठेवलेले कप्पे आहेत असं धरायचं. प्रत्येक कप्प्याची उंची साधारण टाकीच्या व्यासाएवढी. प्रत्येक कप्प्यात द्रव मधून वर आणि कडेने खाली फिरतो.

त्यानंतर त्यांनी ऊर्जेचा जमाखर्च मांडला. वायूने द्रवाला एकूण किती ऊर्जा दिली, ती जमेची बाजू. त्यातली काही बुडबुडे द्रवातून सरकताना आजूबाजूलाच खर्च होते. जी उरते, तीच द्रवाला फिरवते. या हिशेबातून द्रवाचा वेग निघाला. तो टाकीच्या व्यासाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. सोप्या शब्दांत, बाकी सगळं तसंच ठेवून व्यास ८ पट केला तर वेग साधारण दुप्पट होतो.

त्याआधी प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या टाकीवर मोजमाप करून आपापलं सूत्र काढायची. दुसऱ्या आकाराच्या टाकीला ते सूत्र चालेल की नाही हे सांगता येत नसे. ऊर्जेच्या हिशेबाने या विखुरलेल्या आकड्यांना एक समान पाया मिळाला.

मॉडेल शंभर टक्के खरं ठरलं का? नाही. नंतरच्या मोजमापांत दिसलं की, दीर्घकाळाची सरासरी घेतली तर एकावर एक कप्पे दिसत नाहीत, तळापासून माथ्यापर्यंत एकच लांब फेरा दिसतो. टाकीच्या रुंदीएवढे भोवरे असतात, पण ते एका जागी थांबत नाहीत, तयार होत आणि विरत राहतात. कप्प्यांचं चित्र बदललं, ऊर्जेचा हिशेब मात्र उपयोगाचा राहिला. जोशी यांनी पुढची अनेक वर्षं हाच विषय लावून धरला आणि २००१ मध्ये बबल कॉलमच्या संगणकीय अभ्यासाचा सविस्तर आढावा लिहिला. त्यांना १९९१ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१४ मध्ये पद्मभूषण मिळालं. मराठी विज्ञान परिषदेच्या कामाशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे.

त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम पुढे नेलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, विवेक रानडे यांनी रासायनिक टाक्यांमधल्या प्रवाहाच्या संगणकीय अभ्यासावर काम केलं आणि त्यावर पुस्तक लिहिलं. बबल कॉलमवर संशोधन करून एनसीएलमध्ये आलेले अमोल कुलकर्णी यांना २०२० चा भटनागर पुरस्कार मिळाला.

प्रयोगशाळेत चाललं, कारखान्यात का नाही?

समजा, एका नव्या औषधी रसायनाची क्रिया १५ सेंटिमीटर रुंद काचेच्या नळीत उत्तम चालली. आता कारखान्यासाठी ३ मीटर रुंद टाकी बांधायची आहे. व्यास २० पट झाला. वरच्या नियमाने द्रवाचा वेग सुमारे २.७ पट वाढेल. पण द्रव वर-खाली किती मिसळतो, हे वेग आणि व्यास या दोघांच्या गुणाकारावर ठरतं. ते मिसळणं ५० पटींहून जास्त वाढतं.

याचा परिणाम थेट मालावर होतो. अरुंद नळीत द्रव बऱ्यापैकी रांगेत पुढे सरकतो, म्हणून प्रत्येक थेंबाला क्रियेसाठी साधारण सारखा वेळ मिळतो. रुंद टाकीत नुकताच आलेला कच्चा माल आणि तयार माल एकमेकांत मिसळतात. कच्चा माल तसाच बाहेर पडू शकतो आणि तयार माल आतच अडकून त्याचं नको ते रसायन बनू शकतं. क्रिया उष्णता सोडणारी असेल तर ती उष्णता कशी पसरते, हेही या मिसळण्यावरच अवलंबून असतं.

अरुंद नळीत आणखी एक फसगत होते. मोठे बुडबुडे नळीच्या भिंतींमध्ये अडकून डट्ट्यासारखे वर जातात. त्यामुळे होल्डअप मोजायचा असेल तर नळी किमान १५ सेंटिमीटर रुंद घ्यावी, असा अभियंत्यांचा जुना नियम आहे.

चूक झाली तर टाकी तोडून नवी बांधता येत नाही, कारण ती महाग असते आणि आकारही प्रचंड असतो. दक्षिण आफ्रिकेच्या सासोल कंपनीने १९९३ मध्ये वायूपासून डिझेल आणि मेण बनवण्यासाठी सुरू केलेला बबल कॉलम ५ मीटर रुंद आणि २२ मीटर उंच होता. पुढे याच तंत्रावर कतारमध्ये उभ्या राहिलेल्या प्रकल्पातले कॉलम सुमारे १० मीटर रुंद आणि ६० मीटर उंच आहेत, म्हणजे जवळपास वीस मजली इमारतीएवढे.

आतलं मोजतात कसं?

बुडबुड्यांनी भरलेल्या टाकीत कॅमेरा फारसा उपयोगाचा नाही, कारण काही सेंटिमीटरच्या पलीकडे दिसतच नाही. म्हणून वेगळे उपाय शोधले गेले.

- लेसर: द्रवातल्या बारीक कणांवरून परत आलेल्या लेसरच्या प्रकाशात सूक्ष्म बदल होतो, त्यावरून वेग काढतात. वायू कमी असेल तिथे ही पद्धत चालते.
- किरणोत्सारी कण: द्रवाइतक्याच घनतेचा एक छोटा कण टाकीत सोडतात. बाहेर बसवलेले संवेदक तो कुठे आहे ते टिपत राहतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मिलोराद दुदुकोविच यांच्या गटाने या पद्धतीने बबल कॉलमचा सखोल अभ्यास केला.
- संगणक: प्रवाहाची समीकरणं संगणकावर सोडवतात. या शाखेला सीएफडी म्हणतात.

संगणकाचीही मर्यादा आहे. टनाला १ किलोवॉट या हिशेबाने पाण्यातले सगळ्यात बारीक भोवरे सुमारे ०.०३ मिलिमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीहून लहान असू शकतात. ते सगळे पकडायचे तर १ घनमीटरसाठी सुमारे ३० लाख कोटी चौकटी लागतील आणि प्रत्येक क्षणाला त्या सगळ्यांचा हिशेब करावा लागेल. म्हणून अभियंते मोठे भोवरे थेट मोजतात आणि लहानांचा परिणाम सूत्रांनी धरतात. ती सूत्रं बरोबर आहेत का, हे शेवटी प्रयोगच सांगतो.

मराठवाड्यात याचा संबंध कुठे येतो?

साखर कारखाने: पांढऱ्या साखरेसाठी उसाच्या रसात चुन्याचं दूध घालून गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, सोडतात. याला सल्फिटेशन म्हणतात. वायू रसात नीट मिसळला नाही तर कुठे आम्लता जास्त, कुठे कमी असं होतं आणि साखरेचा दर्जा घसरतो.

आसवनी: मळीपासून अल्कोहोल बनवताना यीस्ट स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतं. त्या बुडबुड्यांमुळे टाकीतला द्रव आपोआप ढवळला जातो.

सांडपाणी: गोदाकाठच्या नांदेडसारख्या शहराचं सांडपाणी असो की कारखान्याचं, ते शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. तो बहुधा तळातून हवा सोडून दिला जातो. अशा प्रकल्पात एकूण विजेतली साधारण निम्मी किंवा त्याहून जास्त वीज एकट्या हवेवर खर्च होते. त्यात उन्हाळा आला की अडचण वाढते. २० अंशांच्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे मे महिन्यात तेवढ्याच कामाला जास्त हवा लागते. बुडबुडे बारीक ठेवणं आणि हवा सगळीकडे सारखी पोचवणं म्हणजे थेट वीजबिल वाचवणं.

धोका ओळखा: पांढऱ्या, फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते साध्या पाण्यापेक्षा हलकं असतं आणि माणसाला कमी उचलून धरतं. शिवाय खाली जाणारे प्रवाह ओढतात. धबधब्याखालचा डोह याच कारणाने फसवा असतो, चांगल्या पोहणाऱ्यासाठीसुद्धा. हवा सोडलेल्या सांडपाण्याच्या टाकीतही प्रवाह माणसाला खाली खेचू शकतात, म्हणून तिच्या कठड्यावर झुकू नये.

घरी करून बघा

१. एका उंच, पारदर्शक बरणीत पाणी घ्या. मत्स्यालयाचा छोटा पंप बरणीच्या वर ठेवून नळी आणि हवेचा दगड मधोमध तळाशी सोडा.

२. भिजलेली चहापत्ती थोडी टाका. ती मधून वर जाते आणि कडेने खाली येते. नीट पाहिलं तर बुडबुड्यांचा झोत डोलतानाही दिसेल.

३. दर लिटरला दोन चहाचे चमचे मीठ विरघळवा. बुडबुडे बारीक होतात आणि पाणी जास्त पांढरं दिसतं.

४. शेवटी भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. फेस बरणीबाहेर येऊ लागेल. कारखान्यातही फेस हा मोठा त्रास असतो.

नेहमी पडणारे प्रश्न

जास्त हवा सोडली तर काम जास्त होतं का?
एका मर्यादेपर्यंत. त्यापुढे बुडबुडे चिकटून मोठे होतात, वेगाने वर निघून जातात आणि वायू न वापरताच बाहेर पडतो. वीज मात्र वाढते.

गोबरगॅसची टाकी म्हणजे बबल कॉलम का?
नाही. तिथे वायू आतच तयार होतो आणि फार हळू सुटतो. बुडबुडे दिसतात, पण ढवळण्यासाठी त्यांच्यावर विसंबून चालत नाही.

एअरलिफ्ट म्हणजे काय?
बबल कॉलमचाच एक प्रकार. त्यात वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या प्रवाहांमध्ये भिंत किंवा नळी घालून दोघांना वेगळी वाट देतात. प्रवाह जास्त शिस्तीत राहतो.

हा विषय शिकायचा तर कुठे?
केमिकल इंजिनिअरिंगमध्ये. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थेत ही शाखा आहे. आयसीटीचं मराठवाडा केंद्र जालन्याला आहे.

शेवटी

बबल कॉलमच्या आतल्या प्रत्येक भोवऱ्याचा हिशेब अजून कुणालाही लावता आलेला नाही. पण वायूने किती ऊर्जा दिली आणि ती कुठे खर्च झाली, हे समजल्यामुळे वीस मजली टाकी बांधण्याइतका भरवसा आला. सहस्रकुंडाच्या डोहालाही हाच हिशेब लागू पडतो: वरून पडणारं पाणी जितकी ऊर्जा आणतं, तितकीच तिथल्या खळबळीत खर्च होते. हा डोह मात्र सुरक्षित अंतरावरूनच पाहावा.